पिवळ्या दिव्याचा इतिहास

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटारीची किल्ली एक घर फिरवली, की समोरच्या डॅशबोर्डवर छोटीशी दिवाळी होते. लाल, पिवळे, हिरवे असे दहा-बारा दिवे एकदम लागतात आणि दोन-तीन सेकंदांत एकेक करत विझतात. त्यांतला एक दिवा पिवळा असतो. वर्तुळात ‘एबीएस’ ही अक्षरं आणि दोन्ही बाजूंना कंसासारख्या रेघा. हा दिवा विझला तर त्याची आठवणही राहत नाही. पण गाडी जुनी झाली, की एक दिवस तो विझत नाही. मग मालकाच्या मनात प्रश्न उभे राहतात. ब्रेक गेले का? गाडी चालवावी की नको? गॅरेजवाला सांगतो तो खर्च खरा की खोटा? आज मला या दिव्याचा इतिहास सांगायचा आहे, कारण वरच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या इतिहासातच आहेत.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. पावसात सायकलचा ब्रेक जोरात दाबल्यावर चाक फिरायचं थांबतं, पण सायकल थांबत नाही, हा अनुभव आपण सगळ्यांनी घेतलेला आहे. फिरणाऱ्या चाकाची रस्त्यावर जी पकड असते, ती घसटत जाणाऱ्या चाकाची राहत नाही. शिवाय जाम झालेलं पुढचं चाक वळवलं तरी गाडी वळत नाही. ती सरळच जाते. म्हणजे ब्रेक लागला पाहिजे, पण चाक पुरतं अडकता कामा नये. कसलेला ड्रायव्हर पाय दाबत-सोडत हे साधायचा. पण समोर अचानक मूल आलं, तर कसलेल्या ड्रायव्हरचाही पाय पेडलवर गच्च बसतो. माणसाच्या या स्वभावावर यंत्रानं उपाय शोधायचा, हा प्रश्न होता.

हा प्रश्न मोटारीच्या आधी रेल्वेला आणि विमानाला पडला. लोकलच्या डब्यात कधी कधी खालून ठरावीक लयीत ‘ठक् ठक् ठक्’ असा आवाज येतो. ते चाक कधीतरी ब्रेक लागून अडकलेलं, रुळावर घसटलेलं आणि एका जागी सपाट झालेलं असतं. विमानाचं तर त्याहून अवघड. धावपट्टीवर उतरताना चाक अडकलं, तर टायर काही क्षणांत फाटतो. फ्रान्समधले विमानविद्येचे एक आद्य पुरुष गॅब्रिएल व्हॉयझां यांनी १९२० च्या दशकात यावर एक युक्ती काढली. चाकाबरोबर फिरणारं एक जड चक्र घ्यायचं. चाक एकदम मंदावलं, तरी जड चक्र आपल्या वेगानं फिरत राहतं. दोघांच्या वेगातला हा फरक एक झडप उघडतो आणि ब्रेकचा दाब थोडा सोडला जातो. १९५० च्या दशकात ब्रिटनमधल्या डनलॉप कंपनीनं याच तत्त्वावर ‘मॅक्सरेट’ नावाचं उपकरण विमानांसाठी आणलं आणि ते चांगलं रुजलं. ओल्या धावपट्टीवरही वैमानिकाला निर्धास्तपणे ब्रेक दाबता येऊ लागला.

१९५८ मध्ये ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेनं हे मॅक्सरेट एका मोटारसायकलवर बसवून पाहिलं. ती मोटारसायकल होती रॉयल एन्फिल्डची ‘सुपर मीटिऑर’. ओल्या, निसरड्या रस्त्यावर ती आधीपेक्षा कमी अंतरात आणि तोल न जाता थांबू लागली. पण कंपनीच्या तांत्रिक संचालकांना त्यात भविष्य दिसलं नाही आणि विषय तिथंच मिटला. त्या काळात त्याच कंपनीची बुलेट मद्रासमध्ये बनू लागली होती. आपल्या देशात १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं ते २०१९ मध्ये. मधल्या साठ-एक वर्षांत पावसाळी रस्त्यांवर काय काय झालं असेल, त्याचा विचार मनात येतोच.

मोटारीत हे तंत्र १९६६ साली आलं. इंग्लंडमधल्या जेन्सन कंपनीच्या ‘एफएफ’ या चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत मॅक्सरेट बसवलं होतं. पण ते पूर्णपणे यांत्रिक होतं, महाग होतं, आणि १९७१ पर्यंत अशा जेमतेम ३२० गाड्या बनल्या. इथं एक गोष्ट लक्षात घ्या. यांत्रिक उपकरण बिघडलं, तर ते आपण होऊन सांगत नाही. झडप अडकली आहे हे ड्रायव्हरला कळणार केव्हा, तर गरज पडेल त्या क्षणी. स्वतःची तपासणी करायला उपकरणाकडे थोडी तरी बुद्धी लागते, आणि ती इलेक्ट्रॉनिक्सखेरीज येणार नव्हती.

यानंतरची दहा वर्षं या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची आहेत. अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवर त्या वेळी दोन वेगळ्या गोष्टी घडल्या.

अमेरिकेत १९७१ च्या क्रायस्लर ‘इम्पीरियल’मध्ये चारही चाकांचं इलेक्ट्रॉनिक एबीएस आलं होतं. सरकारनं मग अवजड ट्रकांच्या हवेच्या ब्रेकसाठी नियम केला आणि १९७५ पासून तो लागू केला. थांबण्याचं अंतर कमी हवं आणि चाकंही अडकता कामा नयेत, असा तो नियम असल्यानं ट्रकांना एबीएस बसवणं भागच पडलं. हेतू उत्तम होता. तंत्र मात्र तेवढं पिकलेलं नव्हतं. इलेक्ट्रॉनिक भाग खडतर वापरात दगा देऊ लागले. प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९७८ मध्ये अपील न्यायालयानं या नियमाचा मुख्य भाग रद्द केला. ट्रकवाल्यांचा विश्वास असा उडाला, की तसाच नियम पुन्हा यायला १९९५ साल उजाडलं आणि तो प्रत्यक्ष लागू व्हायला १९९७-९८. या दुसऱ्या नियमात मात्र एक गोष्ट आवर्जून घातली होती. बिघाड झाला तर ड्रायव्हरसमोर दिवा लागलाच पाहिजे, इतकंच नव्हे, तर मागच्या ट्रेलरवरही बाहेरून दिसेल असा पिवळा दिवा हवा.

दुसरीकडे जर्मनीत डाइमलर-बेंझनं १९७० च्या डिसेंबरमध्ये पत्रकारांना बोलावून एबीएसचं प्रात्यक्षिक दाखवलं. गाड्या ओल्या पट्टीवर झोकात थांबल्या. पण त्या काळच्या नियंत्रकात सुमारे हजार सुटे भाग होते. एवढ्या भागांतला एखादा तरी बिघडणारच, हे उघड होतं. म्हणून त्यांनी ते बाजारात आणलं नाही. हायडेलबर्गची टेल्डिक्स कंपनी आणि पुढे बॉश यांच्याबरोबर काम चालू ठेवलं. सुटे भाग जाऊन एकत्रित चिप आली, अॅनॉलॉगचं डिजिटल झालं, आणि भागांची संख्या सुमारे १४० वर आली. मग १९७८ च्या अखेरीस मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये हे एबीएस विकत मिळू लागलं. पाठोपाठ बीएमडब्ल्यूच्या मोठ्या गाडीतही आलं. प्रात्यक्षिकानंतर तब्बल आठ वर्षं थांबण्याचा हा संयम मला कोणत्याही शोधाइतकाच मोठा वाटतो.

या डिजिटल नियंत्रकाबरोबर आपला पिवळा दिवा खऱ्या अर्थानं जन्माला आला. नियंत्रक दर वेळी गाडी सुरू होताना स्वतःची, तारांची आणि झडपांची तपासणी करू लागला. काही चुकीचं आढळलं, तर तो दोन गोष्टी करतो. स्वतःला बाजूला करतो आणि दिवा लावतो. बाजूला झाल्यावर गाडीचे साधे ब्रेक पूर्वीसारखेच लागतात. म्हणजे दिव्याचा अर्थ असा, की ‘ब्रेक आहेत, पण चाक अडकू न देण्याची माझी हमी आता नाही.’ ज्या यंत्रावर आपण जीव सोपवतो, त्यानं आपली असमर्थता वेळेवर कबूल करावी, हा या दिव्यामागचा करार आहे.

म्हणून पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं अशी. नुसता पिवळा दिवा लागला असेल, तर गाडी बेतानं, अंतर ठेवून गॅरेजपर्यंत नेता येते. पण त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर थांबा. हॅन्डब्रेक ओढलेला राहिला आहे का ते पाहा, ब्रेक ऑइलची पातळी पाहा. हे दोन्ही ठीक असूनही लाल दिवा विझत नसेल, तर मागच्या-पुढच्या चाकांमधली ब्रेकची वाटणीही बिघडलेली असू शकते. अशी गाडी उचलून न्यावी, चालवत नेऊ नये.

आता तिसरा प्रश्न, निदानाचा. १९८० आणि ९० च्या दशकांत कारखान्यांनी या दिव्यालाच बोलायला शिकवलं. टोयोटाच्या त्या काळच्या अनेक गाड्यांत तपासणीच्या डबीतली ठरावीक दोन टोकं तारेच्या तुकड्यानं जोडली, की एबीएसचा दिवा लुकलुकू लागे. तीन उघडझाप, थोडी विश्रांती, मग एक उघडझाप, म्हणजे ३१. म्हणजे पुढच्या उजव्या चाकाचा वेग कळत नाही. ३२ म्हणजे पुढचं डावं, ३३ मागचं उजवं, ३४ मागचं डावं. ४१ आला तर बॅटरीचा दाब कमी. वहीत आकडे लिहून घेत बसलेले मेकॅनिक मी पाहिले आहेत; तारमास्तर संदेश उतरवून घेत आहेत असंच वाटायचं.

मग १९९६ मध्ये अमेरिकेत सगळ्या मोटारींना एकसारखं सोळा पिनांचं सॉकेट सक्तीचं झालं आणि पुढे ते जगभर पसरलं. पण ही सक्ती धुरासाठी होती, ब्रेकसाठी नव्हती. इंजिनाचे कोड सर्वांना वाचता येतील असे झाले. एबीएसचे कोड मात्र ज्या त्या कंपनीच्या मर्जीवर राहिले. म्हणूनच आजही स्वस्तातला स्कॅनर लावला, की तो ‘दोष नाही’ म्हणतो आणि वर पिवळा दिवा तसाच जळत असतो. तो खोटं बोलत नाही. त्याला त्या खोलीत प्रवेशच नाही. एबीएसचे कोड वाचणारा स्कॅनर आहे का, हे गॅरेजमध्ये आधी विचारावं.

कोड मिळाला, तरी काम संपत नाही, हे मला एका उदाहरणावरून सांगायचं आहे. माझं आयुष्य वाहन अभियांत्रिकी शिकवण्यात गेलं, त्यामुळे ओळखीची माणसं अशा कामांना मला हाक मारतात. आमच्या परिचयाच्या एक शिक्षिका आहेत. बरीच वर्षं अलिबागला होत्या, आता पुण्यात असतात. आई माणगावला एकटी, म्हणून दर पंधरवड्याला ताम्हिणी घाटातून जाणं-येणं. गाडी २००३ सालची. पावसाळ्याच्या तोंडावर पिवळा दिवा लागला. एका गॅरेजनं कोड काढून मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर बदलला. दिवा गेला नाही. मग सांगितलं, “मॅडम, आता अख्खं युनिटच बदलावं लागेल.” खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जात होता.

त्या म्हणाल्या, “सर, गाडी विकून टाकू का? पण मग आईकडे जायचं कसं?”

मी विचारलं, “बाई, दिवा केव्हा लागतो? किल्ली फिरवल्यावर विझतच नाही, की गाडी निघाल्यावर लागतो?”

त्यांनी नीट पाहिलेलं होतं. “विझतो. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत पुन्हा लागतो.”

त्या एका वाक्यात अर्धं निदान होतं. तार तुटलेली असती किंवा फ्यूज उडालेला असता, तर नियंत्रकाला ते गाडी उभी असतानाच कळलं असतं आणि दिवा विझलाच नसता. गाडी हलल्यावर लागतो, याचा अर्थ विजेचा मार्ग शाबूत आहे; चाकाकडून येणारी खबर चुकीची आहे. ही खबर कशी तयार होते? जुन्या गाड्यांत चाकाबरोबर एक दातेरी कडं फिरतं आणि त्याच्यासमोर, साधारण मिलीमीटरभर अंतरावर, लोहचुंबकावर तार गुंडाळलेला सेन्सर असतो. दात समोरून गेला, की विजेची एक लहर उठते. लहरी मोजल्या, की वेग कळतो.

गाडी जॅकवर घेतली. दोन्ही मागच्या सेन्सरांचा रोध मल्टिमीटरवर मोजला. अशा सेन्सरांत तो बहुधा आठशे ते दोन हजार ओमांच्या दरम्यान असतो. इथं दोन्हीकडे जवळजवळ सारखाच आला. म्हणजे सेन्सर ठीक. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाकं हातानं सारख्या वेगानं फिरवली. उजवीकडे आकडा स्थिर. डावीकडे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा काटा दचकल्यासारखा आकडा खाली पडत होता. दोष फेऱ्याला एकदा येतो, म्हणजे तो चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत आहे. बॅटरीच्या उजेडात कडं पाहिलं. खाऱ्या हवेत एक्सलवर गंज चढून फुगला होता आणि त्यानं वरचं कडं एका जागी तडकवलं होतं. तड गेलेल्या जागी दोन दातांमधलं अंतर वाढलं होतं. नियंत्रकाला वाटत होतं, की हे चाक प्रत्येक फेऱ्यात क्षणभर अडखळतं. म्हणून तो स्वतःला बाजूला करून दिवा लावत होता.

गंज घासून नवं कडं बसवलं, दिवा गेला. युनिटच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ होता. पहिल्या गॅरेजनं फसवलं असं मी म्हणणार नाही. कोडमध्ये ‘मागचं डावं चाक’ असंच लिहिलं होतं. पण कोड फक्त पत्ता सांगतो. त्या पत्त्यावर सेन्सर राहतो, कडं राहतं, तार राहते, बेअरिंगही राहतं. नेमकं कोण बिघडलंय, हे दार ठोठावूनच कळतं.

तेव्हा मालकानं काय करावं? दिवा केव्हा लागतो ते टिपून ठेवावं. बॅटरी अशक्त आहे का, चारही टायर एकाच मापाचे आहेत का, फ्यूज ठीक आहे का, हे स्वस्तातलं आधी तपासून घ्यावं. स्टिअरिंग पुरतं वळवल्यावरच दिवा लागत असेल, तर पुढच्या चाकाजवळ तार ओढली जात असण्याचा संशय घ्यावा. गाडी थांबता थांबता, अगदी हळू वेगात, पेडल विनाकारण थरथरत असेल, तर कुठल्या तरी सेन्सरची लहर क्षीण झाली आहे, कारण या जुन्या सेन्सरांची लहर मुळातच हळू वेगात लहान असते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आलेल्या नव्या जातीच्या सेन्सरांना मात्र ओमची तपासणी लागू पडत नाही. त्यांना स्कॅनरवरच पाहावं लागतं. आणि युनिट बदलण्याची भाषा या सगळ्यानंतर यावी, आधी नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगायची आहे. जुन्या गाड्यांच्या बाजारात हा दिवा ‘घालवून’ देणारे लोक आहेत. बल्ब काढायचा, किंवा त्याची तार ऑइलच्या दिव्याला जोडून द्यायची, की तो इतरांबरोबर लागतो आणि विझतो. ब्रिटनमधल्या वार्षिक तपासणीत हा दिवा न विझणारी गाडी नापास होते, आणि किल्ली फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, तरीही नापास होते. हे दुसरं कलम फार शहाणपणाचं आहे. कारण न लागणारा दिवा जळत्या दिव्यापेक्षा धोकादायक. जळता दिवा पाहून माणूस निदान सावध तरी राहतो.

एबीएस हे काही कवचकुंडल नव्हे. म्यूनिकमध्ये १९८० च्या दशकात टॅक्सींवर एक प्रसिद्ध पाहणी झाली. एबीएस असलेल्या टॅक्सींचे अपघात काही कमी झाले नाहीत, कारण चालक अधिक बेदरकार झाले होते. अमेरिकी सरकारच्या २००९ च्या अभ्यासात जीवघेण्या अपघातांवर एबीएसचा एकूण परिणाम शून्याच्या जवळच दिसला. जीव न गेलेले अपघात मात्र मोटारींत सहा टक्क्यांनी कमी झालेले आढळले. सुट्या खडीवर तर एबीएसमुळे गाडी थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं. त्याचा खरा उपयोग ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते, हा आहे. आणि १९९५ नंतर गाडी भरकटू न देणारी जी नवी यंत्रणा आली, ती याच चार सेन्सरांच्या डोळ्यांनी पाहते. त्यामुळे नव्या गाडीत एबीएसचा दिवा लागला, की बहुधा तीही झोपलेली असते.

आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. त्या गाड्याही आता जुन्या होत चालल्या आहेत. येत्या दहा वर्षांत हा पिवळा दिवा गावोगावच्या गॅरेजांत रोजचा पाहुणा होईल. तो लागला म्हणून घाबरू नये आणि त्याच्याकडे काणाडोळाही करू नये. आणि जुनी गाडी घ्यायला जाल, तेव्हा इंजिन सुरू करण्याआधी किल्ली एका घरावर थांबवा आणि तीन सेकंद फक्त डॅशबोर्डकडे पाहा. पिवळा दिवा लागतो का, तो आपला आपण विझतो का, आणि शेजारच्या दिव्यांच्या आधी किंवा नंतर, स्वतःच्या वेळेला विझतो का. मग गाडीच्या रंगाकडे वळा.